लाडोबाच्या पोटातलं तांबं

आम्ही तिला आत्या म्हणायचो. हे नाव घाईने ठेवलं. घाई म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा, ज्याला कुठलंही काम करण्याआधीच संपवायचं असतं. पहिल्याच आठवड्यात तो हातमोजे न घालता ॲसिडची बाटली उघडायला गेला आणि मागून त्याच्या मनगटावर एक चापट बसली.

"हात काय दुकानात मिळतात का रे?"

घाई बाटली ठेवून मुकाट्याने हातमोजे शोधायला गेला. संध्याकाळी जिन्यात म्हणाला, "माझी आत्या डिट्टो असंच मारते. आवाजसुद्धा तोच." दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्या वर्गाची आत्या झाली. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. वयाने ती आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी होती आणि हक्काने ओरडायला एक नातं मिळाल्यामुळे तिची सोयच झाली.

केमिकल बायोलॉजीच्या एम.एस्सी.ला येण्याआधी आत्या टूथपेस्टच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. प्रत्येक लॉटमधली एक ट्यूब उचलायची, पिळायची, आम्लता मोजायची, बोटावर घेऊन खडा लागतो का बघायचं आणि सही करायची. नोकरी पक्की होती, साहेब भला होता. तरी ती सोडून आली. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं लोकांच्या तोंडात काय जातं ते बघितलं गं. पण तोंडात गेल्यावर ते आत नेमकं काय करतं, ते मला कुणी सांगेना. मग म्हटलं, आपणच जाऊन बघावं."

तिच्या घरची लाँड्री होती. आता ती तिचा दादा चालवायचा. आत्याने शिकायला जायचं ठरवलं तेव्हा दादाने विचारलं, "केमिकल आणि बायोलॉजी? एक काहीतरी धड शीक ना."

"अरे, डाग काढायचं औषध आणि कापड, दोन्हींचं एकत्र शिकायचं. औषध कापडाला काय करतं, ते."

"मग लाँड्रीतच राहायचंस की. परीक्षा तरी नसती."

हे ती आम्हाला दादाच्या आवाजात करून दाखवायची आणि स्वतःच हसायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आम्हा दोघींची भाड्याची खोली होती. दोन खाटा, एक टेबल आणि टेबलावर घडी घातलेलं ब्लँकेट. रोज संध्याकाळी त्या ब्लँकेटवर आत्या आपला पांढरा कोट इस्त्री करायची. सगळ्या विभागात बाहीला धार असलेला तो एकच कोट होता. माझ्या कोटावर तर कुठल्या महिन्यात कुठलं रसायन वापरलं, याचा नकाशा होता. "आण इकडे," ती म्हणायची. मी द्यायचे नाही. मला लाज वाटायची.

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या जिन्यामुळे घडलं. रसायनवाले वरच्या मजल्यावर, जीवशास्त्रवाले खाली. वर धूर ओढून घेणारे फ्यूम हूड, काचेची भांडी, नाकात जाणारे वास. खाली जिवाणू वाढवायचे इन्क्युबेटर, फ्रीजर आणि चप्पल बाहेर काढायची सक्ती. वरचे खालच्यांना म्हणायचे, "तुम्हाला बाटलीत काय आहे तेच माहीत नसतं." खालचे वरच्यांना म्हणायचे, "आणि तुम्हाला ते कशाला बनवलं ते माहीत नसतं." आमचा अभ्यासक्रम या दोघांच्या मधला. म्हणजे आम्ही दिवसभर कुप्या हातात घेऊन जिना चढायचो-उतरायचो आणि दोन्हीकडची बोलणी खायचो.

आत्याचं प्रबंधाचं काम असं होतं: वर एक नवा रेणू बनवायचा आणि खाली आणून तो जिवाणूंच्या एका एन्झाइमला थांबवतो का ते बघायचं. एन्झाइम म्हणजे जिवाणूच्या आतला कामगार. तो थांबला की जिवाणूचा कारभार थांबतो. रेणू दोन तुकडे जोडून बनवायचा होता. हे तुकडे आपणहून एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, पण चिमूटभर तांब्याचं मीठ घातलं की चटकन जुळतात. काम झालं की ते मीठ धुऊन टाकायचं. ही पद्धत इतकी सरावाची आहे की त्यात कुणी डोकं घालत नाही.

आत्याचा रेणू तयार झाला तेव्हा तो सुंदर दिसत होता. बारीक भुकटी, किंचित हिरवट, कोवळ्या पानाच्या आतल्या बाजूसारखी. वरच्या यंत्राने सांगितलं, शुद्ध आहे, जवळजवळ पूर्ण. तिने तो खाली आणून एन्झाइमवर घातला आणि एन्झाइम ठप्प. जिवंत जिवाणूंवर घातला, तेही मेले. आमच्या मार्गदर्शक मॅडम आलेख बघून "छान" म्हणाल्या. मॅडम हा शब्द इतका जपून वापरायच्या की घाईने तारीख लक्षात ठेवायला सांगितलं.

त्या दिवसापासून रेणूचं नाव लाडोबा पडलं. हेही घाईचंच काम. "बघा, कुणी मोठ्याने बोलू नका, लाडोबा झोपलाय," असं म्हणून तो फ्रीजरचं दार हळू लावायचा.

लाडोबामुळे आणखी एक गोष्ट झाली. मॅडमनी त्याच्यावर मोठ्या संशोधनाचा प्रस्ताव लिहिला. तो मंजूर झाला तर पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत पीएचडीची एक जागा निघणार होती, आणि ती आत्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी तसं तिला सांगितलंही होतं. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आत्याचा आलेख होता. नाहीतर निकालानंतर ती परत कारखान्यात जाणार होती. साहेबांनी तिची खुर्ची तोपर्यंत धरून ठेवली होती. "भले आहेत," आत्या म्हणायची, "पण त्या खुर्चीत परत बसले ना, तर मी पुन्हा उठायची नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे."

प्रस्ताव पाठवून झाला. पुढच्या प्रयोगांसाठी लाडोबा जास्त लागणार होता, म्हणून आत्याने दुसरा लॉट बनवला. 'लॉट' हा तिचाच शब्द. आम्ही बॅच म्हणायचो. पहिला लॉट तिने सगळ्यांसारखा एकदा धुतला होता. या वेळी तिच्यातली टूथपेस्टवाली जागी झाली. तिने तो मळ गाळणाऱ्या कॉलममधून पुन्हा काढला, पुन्हा धुतला. भुकटी जवळजवळ पांढरी आली. मी म्हटलं, "वा! अगदी दादाच्या लाँड्रीतून आल्यासारखी."

खाली नेऊन तपासली तर परिणाम निम्मा.

"काहीतरी बिघडवलंस तू," वरचा एक सीनियर म्हणाला. "एवढं धुवायचं कशाला? चांगलं चाललेलं असतं ते छेडू नये." खालची तंत्रज्ञ म्हणाली, "एन्झाइम जुनं झालं असेल." प्रत्येकाने दोष आपल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ढकलला. आत्या दोन्हीकडे मान हलवत राहिली. मग तिने नवं एन्झाइम घेतलं आणि तिसरा लॉट बनवला, आणखी स्वच्छ, मिठासारखा पांढराशुभ्र. या वेळी एन्झाइमला काहीच झालं नाही. ते आपलं काम करत राहिलं.

दुपारची वेळ होती. आम्ही तिघं प्लेट रीडरसमोर, म्हणजे एन्झाइमचं काम मोजणाऱ्या यंत्रासमोर, आकड्यांकडे बघत उभे होतो. घाई म्हणाला, "लाडोबाला आंघोळ सोसत नाही, बाकी काही नाही."

मी हसले. आत्या हसली नाही. तिच्या हातात पिपेट होती, ती तशीच हवेत राहिली.

"परत बोल."

"अगं, गंमत केली."

"नाही, बरोबर बोललास. आंघोळ घातली की जोर जातो. म्हणजे जोर मळात आहे." तिने पिपेट स्टँडला लावली. "पहिला लॉट हिरवट होता. आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. तो रंग लाडोबाचा नव्हताच."

मला समजायला एक क्षण लागला. घाईला, नेहमीप्रमाणे, आधी समजलं. "तांबं," तो म्हणाला.

वरच्यांनी शुद्ध म्हटलं होतं, कारण त्यांचं यंत्र इतकं थोडं तांबं दाखवतच नाही. खालच्यांनी जोरदार म्हटलं होतं, कारण एन्झाइम थांबलं होतं. 'जवळजवळ पूर्ण' शुद्ध म्हणजे उरलेल्या त्या किंचितशा भागात काय आहे, हा प्रश्न कुठल्याच मजल्याचा नव्हता. तो जिन्यात राहून गेला होता.

आत्याने त्याच दुपारी एक कोरी बाटली तयार केली. सगळं तेच, फक्त लाडोबा नाही. तेच द्रावण आणि त्यात तांब्याचा एवढासा अंश. ते एन्झाइमवर घातलं. एन्झाइम ठप्प. मग उलटं केलं. पहिल्या हिरवट लॉटमध्ये तिने ईडीटीए घातलं, जे तांब्याला गच्च धरून ठेवतं आणि सोडत नाही. एन्झाइम पुन्हा कामाला लागलं. दोन्ही बाजूंनी दार बंद झालं. लाडोबाने काहीही केलेलं नव्हतं.

घाई स्टुलावर बसला. "ऐक," तो म्हणाला. "प्रस्तावाचा निर्णय यायचाय ना अजून? येऊ दे. जागा मिळू दे. मग सांग की, पुढच्या कामात असं लक्षात आलं म्हणून. तसं ते खोटंही नाही. आत्ता तुला कुणी विचारलंय का?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मी आत्याकडे पाहिलं.

"कारखान्यात असताना," ती बाटल्यांना झाकणं लावत म्हणाली, "एकदा पेस्टमध्ये खडा सापडला. लॉट ट्रकात चढला होता. ड्रायव्हर म्हणाला, ताई, आता राहू द्या, गाडी भरलीय. पण गाडी भरली म्हणून खडा विरघळतो का?"

"मग काय केलंस?"

"गाडीसमोर उभी राहिले. साहेब आले, मला चार गोष्टी ऐकवल्या आणि मग स्वतः खोकी उतरवायला लागले." तिने शेवटचं झाकण घट्ट केलं. "उद्या सकाळी मॅडमना सांगते. तू ट्रे धरायला ये," हे मला.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. फोन स्पीकरवर टेबलावर होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. आधी आई होती. आईने जेवणाची चौकशी केली, आत्याने सगळं समजावून सांगितलं, आई म्हणाली, "म्हणजे औषध चांगलं नाही निघालं?" आत्या म्हणाली, "निघालंच नाही गं." मग दादाने फोन घेतला.

"थांब, मला नीट सांग. तू सांगितलंस तर जागा जाणार?"

"हो."

"तुझीच जागा?"

"माझीच."

"आणि नाही सांगितलंस तर कुणाला कळणार नाही?"

"इतक्यात नाही."

पलीकडे लाँड्रीतल्या इस्त्रीच्या वाफेचा फुस्सकन आवाज आला. मग दादा म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही बाई. पण कारखान्यात परत येणार असशील तर टूथपेस्ट घेऊन ये. घरातली संपत आलीय."

आत्या हसत हसत फोन ठेवून कोट घ्यायला उठली. इस्त्री सुरू केली. मी वाचत होते. पान उलटून पाहिलं तर ती त्याच बाहीवर होती. आणखी थोड्या वेळाने पाहिलं, तरी तीच बाही. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती तिने वळवली नाही.

मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर कागदांचे ढीग होते, त्यामुळे तिथे कुणीही उभंच राहायचं. आत्याने उभ्यानेच सांगितलं. कुठेही आवाज चढला नाही की उतरला नाही. तीन लॉट, कोरी बाटली, ईडीटीए. मी ट्रे धरून होते.

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधी कळलं?"

"काल दुपारी."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"हिला. आणि घाईला."

"म्हणजे सगळ्यांना." त्यांनी चष्मा काढला. "प्रस्ताव मागे घ्यावा लागेल. पहिल्या पानावर तोच आलेख आहे. तो गेला की जागा गेली. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय मॅडम."

"काल रात्रभर विचार करून आलीस?"

"नाही मॅडम. काल रात्री झोपले. विचार केला असता तर कदाचित आले नसते."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडल्याही, पण आत्यावर नाही. "हिरवट होतं ते! मी स्वतः बघितलं होतं! दिसतंय किती छान, म्हणाले मी! विद्यार्थ्यांना वीस वर्षं सांगतेय, रंगाचं कारण विचारा, आणि..." मग त्या झटक्यात उठल्या. "चल. माझ्यासमोर कर. नाही, मीच करते."

आम्ही खाली गेलो. मॅडमनी किती तरी वर्षांनी हातात पिपेट घेतली. सगळी प्रयोगशाळा काम सोडून बघत होती. त्यांनी मोठ्या तोऱ्यात पिपेट बाटलीत बुडवली, आणि आत्या हळूच म्हणाली, "मॅडम, टिप."

पिपेटच्या टोकाला लावायची प्लास्टिकची टिप राहिली होती. कुणी हसलं नाही. घाई तर फ्रीजरमध्ये डोकं घालून काहीतरी शोधायला लागला.

उत्तर तेच आलं. मॅडमनी त्याच दिवशी प्रस्ताव मागे घेतला.

इथे ही गोष्ट संपली असती, तरी मी ती लिहिली असती. पण आत्या अजून थांबली नव्हती. प्रबंध द्यायला थोडे आठवडे उरले होते. आम्हाला वाटलं, ती आता जे आहे ते बांधून मोकळी होईल. ती मात्र एका प्रश्नावर अडून बसली. जेवताना, जिन्यात, खाटेवर पडल्यावर, तोच प्रश्न. "एन्झाइमचं समजलं. तांब्याने थांबवलं. पण जिवंत जिवाणू का मेले गं? इतकंसं तांबं ते सहज पचवतात. बाहेरच्या बाहेर अडवतात. मग ते आत गेलं कसं?"

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जागा नाही, प्रस्ताव नाही. हे कुणासाठी करणार आहेस?"

"वेळ आहे मॅडम. आणि जिवाणू फुकट वाढतात."

तिने केलेला प्रयोग इतका साधा होता की मी पुन्हा पुन्हा त्याचा विचार करते. नुसतं तांबं घातलं, जिवाणू मजेत. नुसता पांढराशुभ्र लाडोबा घातला, तेही मजेत. दोन्ही एकत्र घातले, तर सगळे मेले. तिने पुन्हा केलं, घाईकडून करवून घेतलं, मग माझ्याकडून. तेच.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांना मागे घेतलेल्या प्रस्तावाचं समजलं होतं. त्यांनी प्रबंध बंद केला, त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे दोन वर्षांनी तुमचा निष्कर्ष असा, की तुमचा रेणू काम करत नाही?"

"काम करतो सर. मी दिलेलं नाही करत, दुसरंच करतो," आत्या म्हणाली. "मारतं ते तांबं. पण त्याला एकट्याला आत जाता येत नाही. माझा रेणू त्याला गाडीत बसवून दारापर्यंत नेतो. मी दोन वर्षं ड्रायव्हरला पैलवान समजत होते."

परीक्षक मोठ्याने हसले. मागे मॅडमही हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

तिला गुण चांगले पडले. जागा मात्र नव्हतीच, आणि हसण्याने ती निर्माण होत नाही. आत्या परत कारखान्यात गेली. जाताना आपली इस्त्री मला देऊन गेली. "कोटाची दया कर," म्हणाली. मी मॅडमकडेच सहायक म्हणून छोट्याशा कामाला राहिले. तिचे फोन यायचे. ती कुठल्या लॉटमध्ये काय निघालं ते सांगायची, मग पटकन विचारायची, "खाली कसं चाललंय?" एकदा बोलता बोलता म्हणाली, "खुर्ची आहे तशीच आहे गं. मऊ."

तिच्यामागे एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेत रुजली. प्रत्येक नव्या रेणूबरोबर आता एक कोरी बाटली लावायची, ज्यात त्या रेणूशिवाय बाकीचं सगळं असेल, हा नियम झाला. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. पण एवढं लांब कोण बोलणार? घाई एकदा म्हणाला, "आत्या लावलीस का?" आणि तेच नाव पडलं. वरचे आणि खालचे, दोघंही तेच म्हणायला लागले. माझ्या माहितीत दोन्ही मजल्यांनी एकमताने स्वीकारलेला तो एकच शब्द.

मॅडमनी दुसरा प्रस्ताव लिहिला. या वेळी पहिल्या पानावर आत्याचा तो साधा प्रयोग होता. मेलेल्या जिवाणूंचा, ड्रायव्हरचा. मंजुरीला वेळ लागला. आली, तेव्हा मॅडमनी मला बोलावलं आणि माझ्यासमोरच स्पीकरवर कारखान्यात फोन लावला.

"जागा निघाली आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्याच ड्रायव्हरवर. येतेस?"

पलीकडून आत्या म्हणाली, "मॅडम, साहेबांना सांगून येते. एवढा लॉट संपू दे."

ती आली त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले होते. तोच कोट, बाहीला तीच धार. शेजारच्या बाकावर या वर्षीच एम.एस्सी.ला आलेली एक मुलगी होती. तिला ही कोण, काहीच कल्पना नव्हती. आत्या इतक्या दिवसांनी पिपेट हातात घेऊन अशी रमली की तिला आजूबाजूचं भान नव्हतं. प्लेट भरून झाली, ती रीडरकडे निघाली, तेवढ्यात ती मुलगी अदबीने म्हणाली, "ताई, एक सांगू का? तुम्ही आत्या लावली नाहीत."

आत्या थबकली. "काय लावली नाही?"

"आत्या. कोरी बाटली हो. इथे तिच्याशिवाय मॅडम आकडे बघतच नाहीत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मग तिने प्लेटकडे बघितलं. खरंच नव्हती लावलेली.

"बरं झालं सांगितलंस," ती त्या मुलीला म्हणाली आणि नवी टिप लावून परत बाकावर बसली.